कोऱ्या बाटलीची साक्ष

संशयास्पद मृत्यू झाला की शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा व मूत्रपिंडाचे भाग आणि थोडे रक्त वेगवेगळ्या बाटल्यांत काढून ठेवतात. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे बातमीच्या शेवटच्या ओळीत येते ते हेच. अवयवांच्या बाटल्यांत ते बुडतील इतके मिठाचे पाणी ओतलेले असते. साधे खायचे मीठ, पाण्यात आणखी विरघळेनासे होईपर्यंत घातलेले. झाकणावर लाखेची मोहोर लागते, चिठ्ठी चिकटते आणि पोलिस शिपाई तो मुद्देमाल घेऊन सरकारी प्रयोगशाळेकडे निघतो. या बाटल्यांसोबत आणखी एक बाटली असते. तिच्यात कुणाच्याही देहाचा कण नसतो. त्याच भांड्यातून घेतलेले नुसते मिठाचे पाणी असते.

मला या सगळ्या शास्त्रात ही बाटली सर्वांत विलक्षण वाटते. उद्या यकृतात विष सापडले आणि वकिलाने विचारले, ते मिठातूनच आले नसेल कशावरून, तर त्याचे उत्तर या बाटलीत आहे. तिच्यावरही तेच सगळे प्रयोग तितक्याच काळजीने होतात आणि त्यांतून काहीही निघू नये अशीच अपेक्षा असते. प्रयोगशाळेत अशा कोऱ्या नमुन्याला ‘ब्लँक’ म्हणतात. विष शोधणे हे रसायनज्ञाचे काम, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण जिथे विष नाही तिथे आपली पद्धत खरोखर गप्प बसते हे आधी दाखवून देणे अधिक अवघड आहे, आणि ते काम फार थोड्यांच्या नजरेला पडते.

हिंदुस्थानात अशी पहिली सरकारी प्रयोगशाळा १८४९ साली मद्रासला निघाली. मग १८५३ मध्ये कलकत्ता, १८६४ मध्ये आग्रा आणि १८७० मध्ये मुंबई. मुंबईच्या प्रमुखाचा हुद्दा होता ‘केमिकल अॅनालायझर टु गव्हर्न्मेंट’. आज सांताक्रूझ पूर्वेला कालिन्याच्या विद्यानगरीत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मुख्यालय आहे. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती अशा ठिकाणी विभागीय शाखा आहेत. तरी पोलिस ठाण्यात आजही ‘मुद्देमाल सीएला पाठवला’ असेच म्हणतात, आणि तारखेला न्यायाधीश विचारतात तो ‘सीए रिपोर्ट’च.

मुंबईची प्रयोगशाळा उणीपुरी चार वर्षांची असताना तिच्याकडे बडोद्याहून एक पुडके आले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेयर यांनी रोजच्याप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांतच चव बिघडलेली वाटली. उरलेले त्यांनी फेकून दिले आणि पेला खाली ठेवताना तळाशी गाळ दिसला. पोट ढवळत होतेच. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो गाळ तपासला आणि पुढे तो मुंबईला, त्या वेळी केमिकल अॅनालायझरच्या जागेवर काम पाहणाऱ्या डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. ग्रे यांना त्यात सोमल सापडला. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे बारीक कण दिसले. पुढे ‘हिऱ्याची भुकटी’ म्हणून हिंदुस्थानभर आणि लंडनच्या वर्तमानपत्रांतही गाजले ते हेच कण.

हिरकणी गिळून प्राण दिल्याच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. रसायनशास्त्राला मात्र हिऱ्यात विष सापडत नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. जठरातले आम्लच काय, तीव्र आम्लेही त्याचे काही बिघडवत नाहीत. मग चकाकणारा कण काचेचा की हिऱ्याचा, हे ओळखायचे कसे? काच हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळते, हिरा विरघळत नाही. आणि भरपूर ऑक्सिजनमध्ये तापवला तर हिरा चक्क जळून जातो. मागे उरतो फक्त कार्बन डायऑक्साइड. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने १७९७ साली हिरा असा जाळून दाखवला होता. जगातला सर्वांत कठीण पदार्थ आणि कोळसा एकाच धुरात संपतात, हे वाचताना मला आजही थांबावेसे वाटते.

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर या विषप्रयोगाचा आरोप ठेवून १८७५ साली आयोग बसला. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले. प्रयोगशाळेने गाळात सोमल आहे एवढे सांगितले होते. तो कुणाच्या सांगण्यावरून पेल्यात पडला, यावर सगळी लढाई झाली. रेसिडेन्सीतल्या एका नोकराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती कुणी कधी ठेवली यावर झाली. शेवटी आयोग तीनास तीन असा फुटला. सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले ते गैरकारभाराचे कारण देऊन, आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. बडोद्याचा पुढचा सगळा इतिहास त्या पेल्यातल्या गाळापाशी एकदा वळण घेतो. प्रयोगशाळेची मर्यादा इतकी स्वच्छ दाखवणारा दुसरा खटला मला आठवत नाही: ‘काय’ हे ती सांगते, ‘कोण’ हे सांगणे तिचे काम नाही, आणि तिने तो मोह धरूही नये.

पण ‘काय’ सांगणे तरी सोपे कुठे होते? सोमल ही पांढरी पूड. चव जवळजवळ नाही. उलट्या आणि जुलाब अशा होतात, की पटकीच्या साथी नित्याच्या असलेल्या काळात घरच्यांना ती पटकीच वाटावी. गुरे मारण्यासाठी, उंदीर मारण्यासाठी ती बाजारात सर्रास मिळे; १९०४ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर हात आला. त्याच्या कितीतरी आधी तर खुनी निर्धास्तच असे, कारण मेलेल्या माणसाच्या पोटातून सोमल बाहेर काढून न्यायाधीशापुढे ठेवता येत नसे.

ते जमवले जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने. तो वुलिचच्या शस्त्रागारात काम करीत असे. १८३२ साली आजोबांच्या कॉफीत विष घातल्याच्या खटल्यात त्याने सोमलाचा पिवळा साका तयार केला, पण ज्यूरीपुढे नेईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. मार्शला ते इतके लागले की त्याने वेगळी रीत शोधली आणि १८३६ मध्ये ती प्रसिद्ध केली. बाटलीत जस्त आणि सौम्य गंधकाम्ल घालायचे, म्हणजे हायड्रोजन वायू सुटतो. त्यात संशयित द्रव टाकायचा. त्यात सोमल असेल तर त्यातले आर्सेनिक हायड्रोजनशी जुळून वायूरूप होते आणि नळीतून चालू लागते. नळी एका जागी तापवली की वायू तिथे फुटतो आणि ज्योतीच्या पुढच्या थंड काचेवर आर्सेनिकचा काळसर, चकचकीत थर बसतो. प्रयोगशाळेत त्याला आरसाच म्हणतात. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या हिश्शाइतके आर्सेनिकही हा आरसा दाखवतो. पोटात नाहीसे झालेले विष काचेवर धातूसारखे चमकू लागते आणि ती नळी बंद करून न्यायालयात नेता येते.

इथेच दोन खड्डे होते. पहिला असा की अँटिमनी हे मूलद्रव्यही अगदी असाच आरसा देते, आणि अँटिमनीची औषधे तेव्हा डॉक्टर सर्रास देत. उपाय निघाला: आरशावर सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचचे द्रावण सोडायचे. आर्सेनिकचा आरसा विरघळतो, अँटिमनीचा राहतो.

दुसरा खड्डा अधिक खोल होता. जस्तातच आर्सेनिक असते. आम्लातही असू शकते, कारण गंधकाम्ल ज्या खनिजापासून करत त्यात आर्सेनिक मिसळलेले असे. म्हणजे मेलेल्याच्या पोटात काही नसतानाही आरसा उमटू शकतो! १८४० साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या तरुण बाईवर नवऱ्याला सोमल घातल्याचा खटला चालला. स्थानिक रसायनज्ञांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात, म्हणून पॅरिसहून मातेओ ओर्फिला यांना बोलावले. त्यांनी आधी आपली जस्त आणि आम्ले तपासली. प्रेताभोवतीच्या मातीतही आर्सेनिक आहे का ते पाहिले. सगळीकडे ‘नाही’ आल्यावरच त्यांनी शरीरातल्या ‘आहे’चा भरवसा धरला. मिठाच्या पाण्याची ती बाटली या रिवाजातूनच आली आहे.

खनिज विषांचे हे झाले. वनस्पतींच्या विषांची गोष्ट निराळी. ती शरीरासारखीच कार्बनी संयुगे असतात. आम्लाने मांस जाळायला जावे तर विषही त्यासोबत जळून जाते. १८५० साली बेल्जियममध्ये एका उमरावाने आपल्या मेहुण्याला तंबाखूतल्या निकोटिनने मारले आणि खूण लपवण्यासाठी प्रेतावर व्हिनेगर ओतले. झां सेर्वे स्तास या रसायनज्ञाने अवयव न जाळता ते आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये मुरवले, गाळले, मग द्रव अल्कलीयुक्त करून ईथरमध्ये हलवला. मांसातली चरबी आणि प्रथिने मागे राहिली, निकोटिन ईथरमध्ये उतरले. ओट्टो या जर्मन रसायनज्ञाने ही रीत सुधारली. आजच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतला तरुण रसायनज्ञही ‘स्टास-ऑट्टो’ पद्धत शिकूनच पुढे जातो. पावणेदोनशे वर्षे एक रीत टिकून राहावी, याचे मला नवल वाटते.

आपल्याकडचे विष म्हणजे धोतरा. वाटेत भेटलेल्या प्रवाशाला खाऊ घालून लुटायचे, हा त्याचा जुना उपयोग. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांत सहज खपून जाते. म्हणून परीक्षक आधी भिंग घेऊन उलटीतल्या बिया निवडत: मिरचीचे बी पिवळसर, तिखट, धोतऱ्याचे तपकिरी, कडवट. बिया वाटून घातल्या असतील तर अर्क काढून त्याचा थेंब मांजराच्या एका डोळ्यात सोडत. बाहुली पसरून मोठी झाली की धोतऱ्याच्या कुळातले विष आहे हे कळे. तुलनेला दुसरा डोळा तसाच ठेवलेला असे. पुढे व्हिटाली यांची रासायनिक परीक्षा रूढ झाली: अर्कावर धुमसते नायट्रिक आम्ल घालून सुकवायचे, मग अल्कोहोलात विरघळवलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकायचे. जांभळा रंग उमटतो. मांजरांना सुट्टी मिळाली हे बरे झाले.

गुंजेने मात्र या प्रयोगशाळांना फार सतावले. सोनाराच्या तराजूतली तीच लाल-काळी गुंज. तिच्या बियांचे पीठ करून त्याच्या टोकदार सुया बनवून जनावरांच्या अंगात खुपसत, आणि गाय-बैल काही दिवसांत मरे. गुंजेतले विष म्हणजे अॅब्रिन नावाचे प्रथिन. प्रथिनाला ना आरसा, ना जांभळा रंग. शरीरातल्या हजारो प्रथिनांत ते एक. तेव्हाच्या परीक्षकाला जखमेतला अर्क प्राण्यात टोचून पाहण्यापलीकडे मार्ग नव्हता. मुंबईचे केमिकल अॅनालायझर आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आय. बी. लायन यांनी १८८९ साली हिंदुस्थानासाठी वैद्यक-न्यायशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले, ते पुढे कित्येक आवृत्त्यांतून चालत राहिले. युरोपची पुस्तके पुरेनात, कारण धोतरा, गुंज, कण्हेर, बचनाग यांची पीडा इथली होती.

आज गुंजेची जागा कीटकनाशकांनी घेतली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवाऱ्याच्या टाकीत एकाहून अधिक औषधे मिसळलेली असतात, आणि रक्तात त्यांचे तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात. ते सुटे करण्याची एक साधी, सुंदर रीत आहे. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर अर्काचा ठिपका ठेवायचा आणि पट्टीचे खालचे टोक द्रावकात बुडवायचे. द्रावक वर चढू लागतो. वारीत सगळे आळंदीहून एकाच दिवशी निघतात, पण काही झपझप पुढे जातात आणि काही दर विसाव्याला रेंगाळतात. तसे प्रत्येक संयुग आपापल्या चालीने चढते आणि ठरलेल्या उंचीवर थांबते. मग पट्टीवर योग्य ती रसायने फवारली की न दिसणारे ठिपके रंग घेऊन उभे राहतात. त्याच पट्टीवर शेजारी खात्रीच्या शुद्ध कीटकनाशकाचा ठिपका असतो, आणि त्याच्या शेजारी ब्लँकचा, ज्याच्या वाटेवर काही उगवता कामा नये. आता जीसी-एमएस यंत्र रेणूचे तुकडे करून त्यांची वजने टिपते आणि संग्रहातल्या हजारो रेणूंशी ताडून नाव सुचवते. यंत्र वेगवान आहे, सूक्ष्म आहे. पण आधी कोरे द्रावक चालवून मगच नमुना घालायचा, हा नियम त्यालाही सुटलेला नाही.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्याची परीक्षा दोन कागदी पट्ट्यांवर होते आणि मला तर ती सगळ्यांत आवडते. चांदीच्या नायट्रेटमध्ये भिजवलेली पट्टी जठरातल्या ऐवजावर धरली की फॉस्फिनने ती काळी पडते. पण प्रेत कुजताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि त्यानेही ती काळीच पडते. म्हणून शेजारी शिशाच्या अॅसिटेटची दुसरी पट्टी धरतात. हायड्रोजन सल्फाइड तिलाही काळे करतो. फॉस्फिन तिला हातही लावत नाही. पहिली काळी आणि दुसरी पांढरी राहिली, तरच संशय खरा. दुसऱ्या पट्टीचे न बदलणे हाच इथे पुरावा ठरतो.

दारूच्या प्रकरणातही सगळी मदार या ‘नाही’वरच आहे. वाहनचालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर मोटार वाहन कायद्याने तो गुन्हा. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळले तर आपण दारू प्यायलो नाही हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. इतक्या बारीक रेषेवर निकाल असताना डॉक्टरने सुई टोचण्याआधी सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवला तर? म्हणून या रक्तासाठी त्वचा स्पिरिटने पुसत नाहीत. बाटलीत सोडियम फ्लुओराइड असते, कारण रक्तातली साखर आणि बाहेरून शिरलेले सूक्ष्म जीव यांच्यामुळे बाटलीतच दारू तयार होऊ शकते. पोटॅशियम ऑक्झॅलेट रक्त गोठू देत नाही. मग अल्कोहोल डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात गेले की ते हिरवे होत जाते. किती हिरवे झाले त्यावरून प्रमाण निघते. आता हे मोजमाप बहुधा गॅस क्रोमॅटोग्राफीने होते.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तीत मिथेनॉल होते. पिताना ते साध्या दारूसारखेच लागते. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल करते, आणि त्यानेच दृष्टी जाते, प्राण जातात. मिथेनॉलची जुनी रासायनिक परीक्षा नेमकी हाच पहिला टप्पा परीक्षानळीत घडवून आणते. पोटॅशियम परमँगनेटने मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करायचे, मग क्रोमोट्रोपिक आम्ल आणि तीव्र गंधकाम्ल घालायचे. गडद जांभळा रंग येतो. पिणाऱ्याच्या देहात जे झाले तेच, कुणाला इजा न होता, काचेत दिसते.

आतापर्यंतच्या गोष्टींत विष आधीच कुणीतरी घातलेले होते आणि ते शोधायचे होते. कधी कधी मात्र सरकार स्वतःच खूण घालून ठेवते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात महाराष्ट्रात नोटांना अँथ्रासिनची पूड लावण्याची पद्धत आहे. डोळ्यांना ती दिसत नाही; अतिनील दिव्याखाली निळसर चकाकते. लाच घेणाऱ्याची बोटे, खिसा, टेबलाचा खण, सगळीकडे ती आपली वाट दाखवत जाते. पंचनामा वाचला तर त्यात सापळ्याआधीची एक नोंद हमखास असते: पंचांचे आणि पथकाचे हात दिव्याखाली पाहिले, चकाकी दिसली नाही. आधी हात कोरे होते हे लिहिल्याशिवाय नंतरच्या चकाकीला अर्थ नाही.

याहून थोर युक्ती डालड्याची. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळले तर ओळखायचे कसे, हा प्रश्न होता. सरकारने कारखानदारांनाच सक्ती केली की वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालायचे. तिळाच्या तेलात असे एक द्रव्य असते की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्यासोबत हलवले की गर्द गुलाबी-लाल रंग येतो. याला बोडुआँ परीक्षा म्हणतात. म्हणजे भेसळ करणारा डालडा विकत घेताना स्वतःविरुद्धचा साक्षीदारही त्यासोबत घेऊन येतो.

पण इथेही ‘नाही’ नीट समजून घ्यावे लागते. साजूक तुपात ब्युटिरिक आम्लासारखी उडून जाणारी मेदाम्ले असतात. तुपाचा वास बराचसा त्यांचाच. ती किती आहेत ते सांगणारा राइशर्ट-माइस्ल आकडा बहुतेक वनस्पतीजन्य तेलांत जवळजवळ शून्य असतो. तुपात तो कमी आला की भेसळीचा संशय. विदर्भात आणि खानदेशात गायी-म्हशींना सरकी आणि सरकीची पेंड घालतात, आणि अशा जनावरांच्या अस्सल तुपातही हा आकडा खाली येतो. इतकेच नव्हे, सरकीचे तेल दाखवणारी हाल्फेन परीक्षाही त्या तुपात लाल रंग देऊ शकते. जळगाव-अकोल्याकडच्या प्रामाणिक गवळ्याचे तूप मुंबईच्या मापाने मोजले असते तर तो निष्कारण तुरुंगात गेला असता. म्हणून अन्नभेसळीच्या नियमांत कापूस पिकवणाऱ्या भागातल्या तुपासाठी वेगळी मानके ठेवली होती. जनावराचा चारा कायद्याच्या तक्त्यात शिरला, तो असा.

सरकारी परीक्षकाचा अहवाल फौजदारी न्यायालयात साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली येतो. न्यायालयाला वाटले तर परीक्षकाला पिंजऱ्यात बोलावता येते. नव्या संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणेही बंधनकारक करायचे ठरवले आहे. राज्यांना त्यासाठी काही वर्षांची मुदत आहे. प्रयोगशाळांवरचा भार त्याने वाढणार, आणि तो पेलायला माणसे भरली पाहिजेत, नुसती यंत्रे नव्हेत, असे माझे ठाम मत आहे. कोणता रंग खरा आणि कोणता कुजण्याचा, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते.

एवढे सगळे करूनही कधी अहवालात एकच ओळ येते: ‘विष आढळले नाही.’ पुष्कळदा नातेवाईक ही ओळ वाचून खचतात आणि आरोपीचे वकील ती वर धरतात. तिचा नेमका अर्थ एवढाच, की पाठवलेल्या अवयवांत, वापरलेल्या पद्धतींनी, पद्धतीच्या पकडीत येईल इतके विष नव्हते. माणूस चार दिवस रुग्णालयात झुंजला असेल तर उलट्यांतून काही गेले, लघवीतून काही गेले, उरलेले यकृताने मोडले. काही विषे हवेत उडून जातात. आपल्या न्यायालयांनीही हे ओळखले आहे: इतर पुरावा भक्कम असेल तर व्हिसेऱ्यात विष न सापडल्याने खटला आपोआप कोसळत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने विषबाधेचा संशय असलेल्या प्रकरणांत व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवला जाईल आणि अहवाल न्यायालयापुढे येईल याची काळजी घेण्यास तपास यंत्रणांना बजावले. ते बजावावे लागले, याचाच अर्थ किती बरण्या पोलिस ठाण्याच्या किंवा रुग्णालयाच्या कोपऱ्यात राहून गेल्या असतील.

म्हणून ज्या ग्रामीण रुग्णालयांत विष घेतलेला रुग्ण सर्वांत आधी पोचतो, तिथल्या डॉक्टर आणि नर्सविषयी मला मोठा आदर आहे. पोट धुताना नळीतून परत येणारे पहिले पाणी सगळ्यांत मोलाचे, कारण विष त्यात जसेच्या तसे असते. जीव वाचवण्याच्या धावपळीत ते मोरीत ओतून देणे फार सोपे आहे. कुणी आठवणीने ते स्वच्छ बाटलीत धरते, चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, तारीख आणि वेळ लिहिते, मोहोर लावते आणि पोलिसांच्या हवाली करते. रुग्ण वाचला तर उत्तमच. नाही वाचला, आणि आठवड्यानंतरच्या यकृतात काहीच उरले नसेल, तरी त्या रात्री पोटात काय होते ते प्रयोगशाळेला सांगता येते.